फॉर्म नंबर २५

संरक्षण लेखा सेवेत मी चोवीस वर्षं काढली आणि त्यातली बरीचशी 'नाही' लिहिण्यात गेली. 'नाही' हा शब्द अर्थात फायलीवर कुणी लिहीत नाही. 'आवश्यकतेचं समर्थन पुरेसं दिसत नाही', 'मागील खरेदीचे दर जोडावेत', 'निधीची उपलब्धता कळवावी' असं लिहायचं. फाईल परत जाते, महिन्याभराने येते, तोवर कुणाची तरी बदली झालेली असते. लष्करी अधिकारी आमच्या माघारी काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. समोर मात्र सगळे गोड: 'मॅडम, बस कन्करन्स दे दीजिए.' कन्करन्स म्हणजे खर्चाला आमची सहमती.

ही सेवा फारशी कुणाला माहीत नसते. नातेवाईक अजूनही मला 'मिलिटरीत अकाउंटंट' समजतात. अण्णा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला होते. तिथली बिलं तपासणाऱ्या खात्यात आपली मुलगी यूपीएससी देऊन अधिकारी झाली, याचं त्यांना कलेक्टरकीपेक्षा जास्त अप्रूप. पुण्यात गोळीबार मैदानाजवळच्या कार्यालयातून लष्करी अधिकाऱ्यांचे पगार होतात, निवृत्तिवेतनाचा कारभार अलाहाबादहून, म्हणजे आताच्या प्रयागराजहून चालतो; हा झाला खात्याचा दिसणारा भाग. न दिसणारा भाग म्हणजे वित्तीय सल्लागार. लष्कराला काही विकत घ्यायचं असलं की ठरावीक रकमेच्या वर आमच्या सहमतीशिवाय फाईल पुढे सरकत नाही. शेवटची तीन वर्षं मी दिल्लीत लष्कराच्या खरेदीवर होते. गाड्या, त्यांचे सुटे भाग, आणखी बरंच काही.

नोकरी का सोडली याचं उदात्त कारण माझ्याकडे नाही. कंटाळा आला होता. मुलगा परदेशी शिकायला जायचं म्हणत होता आणि त्याची फी माझ्या पगाराच्या हिशेबात बसत नव्हती. शिवाय पुढच्या पदासाठी रांग लांब होती. वीस वर्षांची सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. ऑक्टोबर २०१६च्या अखेरीस मी नोटीस दिली.

त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात लोधी रोडवर एका परिसंवादानंतर जेवताना एका कंपनीतले गृहस्थ शेजारी येऊन बसले होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, 'मॅडम, कधी बाहेर पडायचा विचार केलात तर आम्हाला आधी सांगा.' मी हसून डाळ वाढून घेतली. ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पण नोटीस देऊन, खुर्ची सोडेपर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. यात सचोटी किती आणि भीती किती, ते सांगणं अवघड आहे. अमेरिकन हवाई दलाच्या खरेदी विभागातल्या डार्लिन ड्रुयन यांची गोष्ट मी स्वतःच प्रशिक्षणार्थींना शिकवली होती. बोईंगशी विमानांच्या सौद्याची बोलणी चालू असतानाच या बाईंनी बोईंगमधल्या नोकरीची बोलणी सुरू केली. २००४ मध्ये गुन्हा कबूल केला आणि नऊ महिने तुरुंगात काढले. नोकरीची बोलणी करणारा बोईंगचा बडा अधिकारीही आत गेला. ती गोष्ट शिकवताना मी फळ्यावर दोन तारखा लिहायचे: बोलणी सुरू झाल्याची आणि खुर्ची सोडल्याची. दुसरी आधी यायला हवी, एवढाच धडा. आता त्याच दोन तारखा माझ्या डायरीत होत्या.

३१ जानेवारी २०१७ला मी बाहेर पडले. दुसऱ्याच दिवशी अर्थसंकल्प. तो फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला मांडायची ती पहिलीच वेळ. चोवीस वर्षांत पहिल्यांदा मी तो घरी पाय वर घेऊन पाहिला. संरक्षणाला, निवृत्तिवेतन वगळून, २,७४,११४ कोटी. त्यात भांडवली खर्च सुमारे ८६ हजार कोटी. टीव्हीवरचे तज्ज्ञ टक्केवारी मोजत होते आणि मी मनात देणी वजा करत होते. सवय.

मग तो फॉर्म.

केंद्र सरकारचा 'अ' गटातला अधिकारी निवृत्तीनंतर एका वर्षाच्या आत खासगी नोकरी धरणार असेल तर आधी सरकारची परवानगी घ्यावी लागते. तेव्हा लागू असलेल्या १९७२च्या निवृत्तिवेतन नियमांतला हा दहावा नियम होता, आणि त्याचा अर्ज म्हणजे फॉर्म नंबर २५. आमच्या खात्यात हे फॉर्म मी दुसऱ्यांचे पाहिले होते. स्वतःचा भरायला बसले तेव्हा कळलं की तो लिहिणारा माणूस फार हुशार होता. 'या कंपनीशी आपला सेवेत असताना कधी संबंध आला होता काय? आला असल्यास कोणत्या स्वरूपाचा?' 'या पदाची जाहिरात आली होती काय? नसल्यास हा प्रस्ताव आपल्याकडे कसा आला?' आणि कंसात, वर्तमानपत्रातलं कात्रण जोडावं! अशा नोकरीची जाहिरात कुठल्या वर्तमानपत्रात येते? लोधी रोडवरच्या त्या डाळीचं कात्रण कुठून आणणार?

पुढचा रकाना त्याहून नेमका: 'या कामात सरकारी खात्यांशी लायझन किंवा संपर्काचं काम आहे काय?'

लोधी रोडवरच्या त्या गृहस्थांच्या कंपनीने पाठवलेल्या पत्रात पदाचं नाव होतं 'सल्लागार, पब्लिक पॉलिसी'. आपल्याकडे लॉबिस्ट, म्हणजे कंपनीसाठी सरकारकडे रदबदली करणारा, असं कुणी म्हणवून घेत नाही. पूर्वी 'रेसिडेंट डायरेक्टर' म्हणायचे, मग 'कॉर्पोरेट अफेअर्स' आलं, आता 'गव्हर्नमेंट अफेअर्स' आणि 'पब्लिक पॉलिसी'. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार. त्यालाही कारण आहे. बोफोर्सपासून संरक्षण खात्यात 'दलाल' हा शब्द शिवीसारखा झाला. १,४३७ कोटींचा तो तोफांचा करार १९८६चा, पण मी नोकरीला लागले तेव्हाही फायलींवर त्याची सावली होती. त्यात २००१ मध्ये छुप्या कॅमेऱ्याने लाच टिपणारी तेहलकाची चित्रफीत, मग ऑगस्टा वेस्टलँडची हेलिकॉप्टरं. दर वेळी एक नवं कलम, एक नवा करारनामा, मध्यस्थ नसल्याचं एक नवं प्रतिज्ञापत्र. मध्यस्थ गेले नाहीत, त्यांची व्हिजिटिंग कार्डं बदलली.

अमेरिकेत हे उघड चालतं. तिथे १९९५चा कायदा आहे. कोण कुणासाठी लॉबिंग करतं, किती पैसे घेतं, याची नोंद करावी लागते. विल्यम लिन नावाचे गृहस्थ १९९७ ते २००१ पेंटागॉनचे कम्प्ट्रोलर होते, म्हणजे तिथल्या संरक्षण अर्थसंकल्पाच्या सगळ्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. नंतर रेथिऑन या शस्त्रास्त्र कंपनीचे नोंदणीकृत लॉबिस्ट झाले आणि २००९ मध्ये पुन्हा पेंटागॉनमध्ये, थेट उपसंरक्षणमंत्री. ओबामांनी नुकताच लॉबिस्टांना सरकारबाहेर ठेवण्याचा आदेश काढला होता. लिन यांच्यासाठी लगेच अपवाद करावा लागला. पण निदान अपवाद कशाला केला, हे सगळ्या देशाला माहीत होतं. आपल्याकडे वॉलमार्टने अमेरिकेत भरलेल्या लॉबिंगच्या खर्चात भारताचा उल्लेख निघाला तेव्हा संसदेत गदारोळ झाला, निवृत्त न्यायमूर्तींची चौकशी समिती बसली. नोंदणीचा कायदा मात्र आला नाही. लायझनचं काम करणाऱ्याला 'तू हे करणार का?' असं थेट विचारणारा सरकारी कागद मी एवढाच पाहिला, हा फॉर्म.

'नाही' लिहा, असा सल्ला मला तिघांनी दिला. पद सल्लागाराचं आहे, तुम्ही फक्त अहवाल लिहिणार, असं. एका माजी सहकाऱ्याने तर मसुदाच पाठवला. मी पुण्याला अण्णांकडे गेले होते तेव्हा फॉर्म पिशवीत होता. त्यांनी चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचला.

'यात होय लिहिलंस तर देतील का परवानगी?'

'नाही देणार बहुतेक.'

'आणि नाही लिहिलंस तर?'

'देतीलही.'

'मग विचारतेस काय? दुसऱ्याची बिलं तपासायचीस ना तू?' एवढं बोलून ते पेपर वाचायला लागले.

मी 'होय' लिहिलं. मागच्या तीन वर्षांत त्या कंपनीच्या दोन फायली माझ्या टेबलावरून गेल्या होत्या, तेही लिहिलं. परवानगी देताना सरकार पाहतं ते हेच: शेवटच्या तीन वर्षांत तुम्हाला संवेदनशील माहिती होती काय, तुमच्या पदाचे आणि कंपनीचे हितसंबंध आडवे येतात काय, देऊ केलेला पगार बाजारभावाच्या फार वर तर नाही ना. उत्तर दोन ओळींचं आलं. परवानगी देता येत नाही. मी त्या खुर्चीत असते तर तेच लिहिलं असतं, फक्त दुसऱ्या ओळीतलं व्याकरण सुधारून. परवानगीवाचून नोकरी धरली तर निवृत्तिवेतन रोखता येतं, तेव्हा तो प्रश्न मिटला. कंपनी म्हणाली, एक वर्ष थांबू.

त्या वर्षाबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. फोन येणं तिसऱ्या महिन्यात थांबलं. दिवाळीत मिठाईचे डबे चार आले. आदल्या वर्षी किती परत पाठवले होते ते मोजलंही नव्हतं. पोळ्या सुधारल्या.

फेब्रुवारी २०१८ मध्ये रुजू झाले. पगार शेवटच्या पगाराच्या साडेतीन पट. पहिल्या आठवड्यात मला एक सादरीकरण दाखवलं गेलं, त्यात 'निर्णय घेणाऱ्यांचा नकाशा' होता. चौकटी, चौकटींत पदं, आणि प्रत्येक चौकटीला रंग: हिरवा म्हणजे अनुकूल, पिवळा म्हणजे बघू, लाल म्हणजे अवघड. जुनी आवृत्ती चुकून पुढे आली. वित्त विभागाची एक चौकट लालभडक होती, खाली लिहिलं होतं: 'नियमावर बोट. भेटीचा उपयोग नाही.' पद माझं, वर्ष २०१५. खोलीत शांतता पसरली. मग मीच हसले, कारण मला ते प्रमाणपत्र वाटलं. आता वाटतं, त्या चौकटीला रंग देणाऱ्या माणसानेच माझी किंमतही ठरवली असणार.

सगळ्यांना वाटत होतं मी 'कुणाला ओळखते' ते विकायला आले आहे. पण नेमकं तिथेच घोडं पेंड खात होतं. कुणाला भेटायचं हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. कधी भेटायचं, हे मात्र त्यांना अजिबात माहीत नव्हतं. फेब्रुवारीत अर्थसंकल्प झाला की हे लोक निवेदन घेऊन मंत्र्यांकडे धावायचे. तोवर पैसे वाटून झालेले असतात. सैन्याच्या मुख्यालयाचे पुढच्या वर्षाचे अंदाज शरद ऋतूच्या सुमारास तयार होतात, त्याच वेळी चालू वर्षाचे सुधारित अंदाजही. हिवाळ्यात अर्थ मंत्रालयाची कात्री लागते. मार्चमध्ये उरलेलं खर्चायची धावपळ. ज्या अधिकाऱ्याच्या टेबलावर तुमची गरज तक्त्यातली एक ओळ होते तो अधिकारी फार ज्येष्ठ नसतो आणि त्याला भेटायला कुणी जात नाही.

दुसरी गोष्ट त्यांना पटवायला मला महिना लागला. खरेदीला तत्त्वतः मंजुरी मिळाली, वर्तमानपत्रांत मथळे आले, 'अमुक हजार कोटींच्या प्रस्तावांना हिरवा कंदील', की कंपनीचे लोक कारखान्यात नवी असेंब्ली लाइन उभारायच्या गोष्टी करायचे. त्या मंजुरीचा अर्थ 'आम्हाला हे हवंय' एवढाच. पैसा वेगळा. आधी झालेल्या करारांचे हप्ते दर वर्षी आधी कापले जातात, त्यांना आम्ही बांधील देणी म्हणतो. त्यानंतर उरलं तर नवं काही. मी बोलत होते आणि समोरचे विक्रीप्रमुख मोबाईल पाहत होते. मग मार्चमध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचा अहवाल आला. लष्कराच्या उपप्रमुखांनी समितीपुढे सांगितलं होतं की आधुनिकीकरणाला मिळाले २१,३३८ कोटी आणि चालू योजनांची देणीच आहेत २९,०३३ कोटी. मी ती दोन वाक्यं मोठ्या अक्षरात छापून बैठकीत वाटली. म्हटलं, जमाखर्चात आधीच जवळजवळ पावणेआठ हजार कोटींचा खड्डा आहे, आपली नवी गाडी कुठे बसणार ते दाखवा. विक्रीप्रमुखांनी मोबाईल उलटा ठेवला. त्या वर्षी कंपनीने नवी यंत्रं घ्यायचं पुढे ढकललं, आणि त्यात माझ्या काही वर्षांच्या पगाराएवढी रक्कम वाचली असं मला नंतर सांगण्यात आलं.

म्हणजे सरकारला कंपनीचं म्हणणं पटवणं हे माझं काम कमी, कंपनीला सरकारचं म्हणणं समजावणं जास्त. आणि हे सगळं जाहीर कागदांतलं. स्थायी समितीचे अहवाल, अनुदानाच्या मागण्या, महालेखापरीक्षकांचे ताशेरे, कुणीही वाचावेत. यात गुपित काय आणि पाप काय, असं मी घरी जेवताना मोठ्या आवाजात म्हणायचे. नवरा म्हणाला, 'कुणी विचारलंय का तुला?'

कुणी विचारलं नव्हतं. पण एक फोन मी केला होता.

आमची एक फाईल अडकली होती. विक्रीप्रमुख रोज विचारायचे. जिथे अडकली होती तिथे माझ्या हाताखाली घडलेला एक मुलगा होता. त्याचे गोपनीय अहवाल मी लिहिले होते, त्याच्या लग्नात आहेर केला होता. मी फक्त विचारलं, 'फाईल कुठवर आली?' त्याने दुसऱ्या रिंगला फोन उचलला होता. म्हणाला, 'मॅडम, वित्तकडेच आहे. आधारभूत किमतीवर शंका काढलीय, मजुरीचे तास जास्त दिसताहेत. पत्र पुढच्या आठवड्यात निघेल.' मी शेवटची दोन वाक्यं विचारली नव्हती. पण ऐकली, आणि वर जाऊन सांगितलीही. पत्र आलं तेव्हा मजुरीच्या तासांचं उत्तर टंकलिखित होऊन तयार होतं. दोन दिवसांत गेलं. सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

एक वर्ष थांबवून सरकारने माझ्या डोक्यातली माहिती शिळी केली होती, ते ठीकच. पण तो मुलगा माझा फोन दुसऱ्या रिंगला उचलतो, हे एका वर्षात शिळं होत नाही. पाच वर्षांतही होणार नाही. फॉर्म २५ मध्ये त्याला रकाना नाही. त्यानंतर मी त्याच्या मोबाईलवर फोन केला नाही. जे काही असेल ते कार्यालयाच्या पत्त्यावर, कंपनीच्या कागदावर. त्यानेही कधी कारण विचारलं नाही. विक्रीप्रमुखांना हे आवडलं नाही. 'मॅडम, पत्र तर आमचा टायपिस्टही पाठवतो,' असं ते एकदा म्हणाले, आणि त्यांच्या बाजूने ते बरोबरच होतं.

दिल्लीत लष्कराच्या मुख्यालयात, सेना भवनात, पाहुणी म्हणून पहिल्यांदा गेले तो दिवस मात्र सांगायला हवा. पासच्या खिडकीवर ओळखपत्र, भेटीचं कारण, मोबाईल बाहेर जमा. ज्या शिपायाने वर्षानुवर्षं माझा चहा आणला तो जिन्यात भेटला. सवयीने फाईल घ्यायला हात पुढे केला, मग गळ्यातला पाहुण्यांचा पास पाहिला आणि हात मागे घेतला. आत ज्यांना भेटायचं होतं ते उभे राहिले. मला कळेना ते माजी वरिष्ठ म्हणून उभे राहिले की उठून जायला. वीस मिनिटं त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, काहीही कबूल केलं नाही, आणि शेवटी म्हणाले, 'लेखी द्या.' माझंच वाक्य.

आणखी एक माझंच वाक्य दोन वर्षांनी परत आलं. सुट्या भागांच्या एका करारात आमचा माल उशिरा गेला होता. उशिराला आठवड्यामागे अर्धा टक्का दंड, कमाल दहा टक्के. कंपनीचं म्हणणं, तपासणी यंत्रणेने मंजुरीच उशिरा दिली, दोष आमचा नाही. पुराव्यादाखल तपासणीवाल्यांचं पत्र होतं, पण ते माल पोचल्यानंतरच्या तारखेचं. निवेदन मीच लिहिलं, आणि चांगलं लिहिलं. नकाराचं पत्र आलं. त्यात एक इंग्रजी वाक्य होतं, ज्याचा अर्थ असा: विलंब खरेदीदारामुळे झाला असेल तर तशी नोंद त्याच वेळच्या कागदांत हवी, नंतर मिळवलेली प्रमाणपत्रं ग्राह्य धरता येणार नाहीत. 'आफ्टर द इव्हेंट' हे शब्द, मधला अर्धविरामसुद्धा ओळखीचा. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका पुरवठादाराच्या फायलीवर मी लिहिलेली टिप्पणी कुणीतरी पायंडा म्हणून जपून ठेवली होती.

विक्रीप्रमुख म्हणाले, 'हे कुठल्या आडमुठ्याने लिहिलंय? लवादात जाऊ.'

मी म्हटलं, 'जाऊ नका. हे वाक्य टिकेल.'

'तुम्हाला कसं माहीत?'

मी सांगितलं. कंपनीने दंड भरला, आणि पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी माझ्या करारातले कामाचे दिवस निम्मे झाले. दोन्हींचा संबंध आहे असं कुणी म्हणालं नाही.

आता मी पुण्यात असते, महिन्यातून दोन दिवस कंपनीला देते. गेल्या हिवाळ्यात आमच्या सेवेतल्या नव्या प्रशिक्षणार्थींपुढे बोलायला बोलावलं होतं. विषय 'हितसंबंधांचा संघर्ष'. ड्रुयनबाई सांगितल्या, लिनसाहेब सांगितले, फळ्यावर दोन तारखा लिहिल्या, आणि या वेळी माझ्या स्वतःच्याही लिहिल्या. फोनचीही गोष्ट सांगितली, त्या मुलाचं नाव वगळून. प्रश्न विचारा म्हटलं तर पहिला हात वर झाला: 'मॅडम, पगार किती मिळाला?' पट सांगितली. वर्गात खुर्च्या सरकल्या.

मग मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. ती इतका वेळ सगळं टिपून घेत होती.

'मॅडम, परवानगी न घेता गेलं तर निवृत्तिवेतन रोखतात, असं तुम्ही म्हणालात. पण आम्ही २००४ नंतरचे, आम्हाला जुनं निवृत्तिवेतन नाही. आमचे पैसे एनपीएसमध्ये जातात. मग आमचं काय रोखणार?'

मी खडू खाली ठेवला आणि तिला विचारलं, तिची सेवा किती झाली. म्हणाली, 'सात महिने.'